कमी दिवसांच्या पऱ्हाटीची पानं काढावीत का?

मारेगाव तालुक्यातल्या एका तरुण कास्तकार भावानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या तिसऱ्या आठवड्यात 90 बाय 15 सेंटीमीटरवर कमी दिवसांची, 140 ते 150 दिवसांत येणारी कपाशी, म्हणजेच पऱ्हाटी, टोबली. आता पोळ्याच्या तोंडावर ती कमरेच्या वर गेली आहे, तासं, म्हणजे झाडांच्या ओळी, एकमेकांत मिळाली आहेत, आत ऊन जात नाही आणि खालच्या पात्या, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, गळून पडत आहेत. मोबाईलवर एकानं मोठी पानं तोडून बोंडांना ऊन मोकळं करून देताना दाखवलं. बायांची रोजी लावून पानं काढून घ्यावीत का? आणि धुऱ्यापलीकडच्या सोयाबीनला, तुरीलाही तेच करावं का?

भाऊ, पानं काढू नका. कपाशीचीही नाही, सोयाबीनची तर अजिबातच नाही. पण तुमच्या प्रश्नात तीन कामं एकात मिसळली आहेत, ती वेगळी करू. गळफांदी, म्हणजे खोडाच्या जोडीनं उभी वाढणारी फांदी, काढणं, शेंडा खुडणं आणि पान तोडणं. पहिल्या दोन कामांना कपाशीत जागा आहे, वेळेवर केली तर फायदाही होतो. तिसऱ्याला जवळपास नाही. ज्या पिकाचे दिवस मोजके, त्याच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे.

आधी दिवसांचा हिशेब करू, कारण सगळी गोष्ट तिथंच ठरते. कपाशीची पाती दिसल्यापासून फूल उमलायला साधारण तीन आठवडे लागतात. फूल उमलल्यापासून बोंड फुटायला 45 ते 55 दिवस. तुमची कपाशी 20 जूनच्या आसपासची धरली आणि 145 दिवस मोजले, तर ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आटोपते. तिथून मागं या. चांगलं भरलेलं बोंड हवं तर त्याचं फूल 20-25 सप्टेंबरपर्यंत उमललं पाहिजे, आणि त्या फुलाची पाती ऑगस्टअखेर झाडावर दिसायला पाहिजे. म्हणजे आज तुमच्या झाडावर ज्या पात्या, फुलं आणि लहान बोंडं आहेत, जवळपास तेच तुमचं पीक आहे. त्यातलं किती टिकवता आणि किती भरता, एवढाच प्रश्न उरतो.

आता झाडाची पानं काढली तर काय होतं? झाड नुकसान भरून काढायच्या मागं लागतं. नवी पानं फुटतात, बगलेतून कोंब येतात, आणि बोंडात जायचं अन्न त्या कोंबांत जातं. आपल्याकडे पूर्वी 180 दिवसांची कपाशी असायची, ओलीत असलं तर लोक फरदड घेऊन, म्हणजे वेचणीनंतरही तीच कपाशी राखून, उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वावर अडवून ठेवायचे. तशा झाडाला एखादा धक्का बसला, गारा लागल्या, अळीनं पानं खाल्ली, तरी पुढचे दोन महिने त्याच्या हातात असायचे. कमी दिवसांच्या वाणाला ते दोन महिने नाहीत. त्याचा फुलायचा आणि बोंडं भरायचा काळ आखूड आहे, आणि त्या काळात गेलेलं पान पुन्हा कामाला यायला जेवढे दिवस लागतात, तेवढ्यात बोंडाचं भरणं संपून जातं. म्हणून एका वाणावर कुणाला जमलेली गोष्ट दुसऱ्या वाणावर उचलू नका. व्हिडिओ पाहताना पहिला प्रश्न हा विचारा की त्या माणसाची कपाशी किती दिवसांची आहे, पाणी कुठलं आहे आणि दोन झाडांत अंतर किती आहे. तिथं चार-पाच फुटांवर, ठिबकवर, जानेवारीपर्यंत ठेवायचं झाड असेल, तर त्याचं गणित तुमच्या कोरडवाहू वावराला लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट, बोंडाला ऊन लागतं हा समज. बोंड उन्हानं भरत नाही, ते पानांनी केलेल्या साखरेनं भरतं. फळफांदी, म्हणजे बोंडं धरणारी आडवी फांदी, नीट निरखून पाहा. ती वाकडीतिकडी, नागमोडी जाते, आणि तिच्या प्रत्येक गाठीवर एक पाती आणि तिच्याशेजारी एक पान असतं. ते पान त्या बोंडाचं हक्काचं पान आहे. बोंडाला लागणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा त्या एकट्या पानाकडून आणि जवळच्या एक-दोन पानांकडून येतो. लांबच्या शेंड्याकडचं पान खालच्या बोंडाला फारसं पुरवत नाही. म्हणजे 'बोंडावर सावली धरतं' म्हणून जे पान तोडतात, बहुतेक वेळा तेच त्या बोंडाला पोसत असतं. आणि दाट लागवडीत खोडाला लागून असलेली, फळफांदीवरची पहिली बोंडंच उत्पन्नाचा मोठा हिस्सा देतात, त्यामुळं त्यांच्या जवळच्या पानाची किंमत आणखी वाढते.

तिसरा समज गावोगावी ऐकू येतो, की खालची सावलीतली जुनी पानं झाडाचं फुकट खातात, ती काढली की अन्न वर जातं. हे खरं नाही. कोवळं पान उमलताना बाहेरून साखर घेतं, निम्मं वाढेपर्यंत घेत राहतं, मग त्याचं उलट होतं आणि ते साखर बाहेर पाठवायला लागतं. एकदा पुरवणारं झालेलं पान पुन्हा मागणारं होत नाही. त्याला ऊन मिळेनासं झालं तर ते म्हातारं होतं, आपल्यातलं नत्र, मॅग्नेशियम आणि इतर द्रव्यं वरच्या पानांना आणि बोंडांना परत देतं, पिवळं पडतं आणि आपोआप गळतं. म्हणून अर्धवट पिवळं पान दिसलं की त्याचं परत देण्याचं काम चालू आहे असं समजा. ते हातानं तोडलं तर राहिलेलं नत्र तुम्ही वावराबाहेर फेकलं. पूर्ण पिवळं झालेलं पान बोट लावलं की सुटतं, त्याला मजूर लावायची गरजच नाही.

मजुरीचं तर बोलायलाच हवं. 90 बाय 15 वर एकरी सुमारे 30 हजार झाडं बसतात. झाडाची चारच पानं काढायची म्हटली तरी एका एकरात एक लाख वीस हजार पानं होतात. पोळ्यानंतर निंदणाला बाया मिळत नाहीत, त्यात हे काम कोण करणार आणि त्याची रोजी कोणत्या बोंडातून निघणार? शिवाय दाटलेल्या तासांतून दिवसभर माणसं फिरली की फळफांद्या मोडतात, पात्या झडतात, आणि पावसाळी दिवसांत पान तोडलेल्या प्रत्येक जागी उघडी जखम राहते.

मग पात्या का गळतात? हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पानांच्या दाटीत पूर्ण मिळत नाही. कपाशी जेवढ्या पात्या धरते त्यातल्या अर्ध्याहून अधिक पात्या आणि कोवळी बोंडं ती स्वतःच सोडते, हा तिचा स्वभाव आहे. चार-पाच दिवस आभाळ भरून राहिलं, की साखर कमी तयार होते आणि झाड सगळ्यात लहान बोंडं आधी सोडतं. फुलानंतर दोन आठवडे टिकलेलं बोंड सहसा गळत नाही. आता विचार करा, आभाळामुळं साखर कमी पडली म्हणून बोंडं गळत असतील, तर पानं काढून आपण साखर आणखी कमी करतो. गळ वाढेल, थांबणार नाही.

आभाळ आपल्या हातात नाही, पण बाकीची कारणं तपासता येतात. खाली पडलेल्या पन्नास-एक पात्या आणि लहान बोंडं गोळा करा आणि फोडून पाहा. छिद्र आणि विष्ठा दिसली तर अळी आहे. काहीच नसेल, आतून पाती स्वच्छ असेल, तर गळ झाडाच्या तब्येतीमुळं आहे. मग तासात पाय ठेवून पाहा. काळ्या भारी जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, झाड वरून हिरवंगार दिसतं आणि खाली पात्या टाकत राहतं. मोठ्या उघडिपीनंतर एकदम जोराचा पाऊस आला तर काही झाडं पानं लोंबकळवून उभ्यानं सुकतात, ती आकस्मिक मर. दोन्हीवर पहिला उपाय एकच, उताराच्या बाजूनं चर काढून पाणी बाहेर घालवणं. लोंबलेली पानं तोडल्यानं मुळांना हवा मिळत नाही.

आणि युरिया किती दिला ते आठवा. पाऊस चांगला झाला की आपल्याकडे हात सैल सुटतो. पऱ्हाटी काळीभोर होते, पानं तळव्याहून मोठी होतात, कांड्या लांबतात, तुडतुडे आणि पांढरी माशी अशा लुसलुशीत पानांवर तुटून पडतात. ज्याला तुम्ही पानांचा प्रश्न म्हणता तो पुष्कळदा नत्राचा प्रश्न असतो. आता यापुढं जमिनीतून युरिया थांबवा. बोंडं भरताना दोन टक्के डीएपी खताची फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, पुरेशी होते. डीएपी रात्री भिजत घाला आणि सकाळी वरची निवळी घ्या, नाहीतर नोझल तुंबतं.

आता ज्या कामांना जागा आहे तिकडे वळू.

कपाशीच्या झाडाला दोन जातीच्या फांद्या येतात. खालच्या गाठींवरून सरळ उभ्या, खोडाच्या जोडीनं वाढणाऱ्या त्या गळफांद्या. त्यांच्यावर थेट बोंडं लागत नाहीत, त्यांना पुन्हा फळफांद्या फुटतात आणि मग बोंडं येतात, तीही उशिरा. त्यांच्या वरच्या गाठींवरून आडव्या, नागमोडी जाणाऱ्या त्या फळफांद्या. मराठवाड्यातून आलेलं आणि आपल्याकडे पसरलेलं दादा लाड तंत्र याच फरकावर उभं आहे. अंतर कमी करायचं, 40 ते 45 दिवसांनी गळफांद्या बुडापासून कापायच्या आणि 75 ते 80 दिवसांनी, झाड साडेतीन फुटांच्या आसपास आलं की शेंडा खुडायचा. यातलं तर्कशास्त्र पक्कं आहे. 40-45 दिवसांना गळफांदी कोवळी असते, जखम छोटी असते, आणि तिच्यात जाणारं अन्न फळफांद्यांकडे वळायला पुढं पुरेसा वेळ असतो.

तुमची कपाशी सत्तरीच्या जवळ आहे. गळफांद्या राहून गेल्या असतील तर आता काय? माझं मत असं की ज्यांच्यावर अजून पात्या नाहीत आणि ज्या पेन्सिलीपेक्षा बारीक आहेत, त्या धारदार कात्रीनं काढायला हरकत नाही. ज्या जाड झाल्या आणि ज्यांच्यावर पात्या-फुलं आली, त्या राहू द्या. त्यांच्यात घातलेलं अन्न परत मिळत नाही आणि जाड फांदी ओढून तोडली तर खोडाची साल सोलून निघते. 15 सेंटीमीटरवर लावलेल्या झाडाला तशाही गळफांद्या कमी येतात, एखाद-दुसरी दिसेल.

शेंडा खुडायचा की नाही हे दिवसांवर न ठरवता झाडाला विचारा. याची एक सोपी पद्धत आहे आणि ती प्रत्येक कास्तकाराला यायला हवी. वावरात तिरपं चालत वेगवेगळ्या ठिकाणची दहा झाडं धरा. त्या दिवशी उमललेलं पांढरं फूल खोडाला लागून पहिल्या गाठीवर कोणत्या फळफांदीवर आहे ते पाहा, सगळ्यात वरचं धरा. तिथून शेंड्यापर्यंत खोडाला किती गाठी आहेत त्या मोजा. फुलोरा सुरू होताना त्या सहसा सात ते नऊ असतात. त्या घटत घटत पाचवर आल्या की झाड स्वतःच वाढ आवरती घेत आहे, बोंडांच्या ओझ्यानं शेंडा मंदावला आहे. तिथं शेंडा खुडून काही मिळत नाही, मजुरी वाचवा. पण तुमच्या वावरात फुलोरा चालू होऊनही आठ-नऊ गाठी कायम असतील आणि वरच्या कांड्या दोन इंचाहून लांब असतील, तर झाड माजलं आहे. तिथं शेंडा खुडा. वरचा कोवळा दोन इंचाचा भाग, नखानं सहज तुटेल एवढाच. खाली पात्या असलेल्या गाठीपर्यंत जाऊ नका.

शेंडा खुडण्याऐवजी मेपिक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारं औषध फवारायचा पर्याय आहे, सघन लागवडीत नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशींमध्येही तो येतो. ते कांड्या आखूड ठेवतं, पानं लहान आणि जाड होतात, झाड मोकळं राहतं, म्हणजे जे तुम्ही हातानं करायला निघालात ते पानांना धक्का न लावता होतं. पण त्याची खरी वेळ पात्या लागण्यापासून फुलोऱ्यापर्यंतची. उशिरा मारलं तर झालेली वाढ ते मागं नेत नाही. आणि जमिनीत ओल कमी असताना, झाड दुपारी मान टाकत असताना ते कधीही मारू नका, झाड तिथंच गोठून बसतं. हलक्या बरड जमिनीवर तर त्याची गरजच पडत नाही. मात्रेसाठी डब्यावरचं पत्रक वाचा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या, दुकानदाराच्या अंदाजावर नको.

उंचीचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, दाट होती, आणि फवारणारा माणूस त्या रानातून चालताना त्याच्या पंपाचा फवारा तोंडाच्या उंचीवर उडत होता. औषधांची सरमिसळ, संरक्षक कपड्यांचा अभाव, उकाडा, अशी अनेक कारणं होती, पण झाडाची उंची हे त्यातलं एक होतं. म्हणून कपाशी छातीच्या खाली ठेवा असं मी प्रत्येकाला सांगतो, उत्पन्नाचा विचार नंतर. उंची आवरायला शेंडा खुडणं, वाढ रोखणारं औषध, नत्र आवरणं यांपैकी जे जमेल ते करा. पान तोडून उंची एक बोटभरही कमी होत नाही.

आता तुमच्या मनातला उरलेला मुद्दा. दाटीमुळं आत दमट राहतं आणि खालची बोंडं सडतात, हे खरं आहे. सप्टेंबरात पाऊस लांबला की जमिनीलगतची बोंडं काळी पडतात. यावर पान तोडण्याऐवजी तास मोकळं करायचा एक मार्ग आहे. पुढच्या हंगामात तासांची दिशा वाऱ्याला मोकळी ठेवा, भारी जमिनीवर 15 ऐवजी 20 ते 30 सेंटीमीटरवर या. 90 बाय 30 वर एकरी 15 हजारांच्या आसपास झाडं बसतात आणि भारी काळ्या जमिनीला ती पुरतात. सघन लागवड ही हलक्या ते मध्यम जमिनीसाठी, जिथं झाड मुळात ठेंगणं राहतं. तुमची जमीन भारी असेल तर यंदाच्या दाटीचं मूळ तिथं आहे. यंदापुरतं बोलायचं तर जमिनीला टेकलेली, चिखल उडालेली, डाग पडलेली अगदी बुडातली एक-दोन पानं, ज्यांच्या शेजारी बोंड नाही, ती निंदताना सहज हाताला आली तर काढा. त्यासाठी वेगळी रोजी लावू नका.

पान काढणं योग्य ठरतं अशा जागाही आहेत, त्या सांगायला हव्यात. तंबाखूवरची पानं खाणाऱ्या अळीचा पतंग एकाच पानावर पुंजक्यानं अंडी घालतो, आणि अंड्यातून निघालेल्या बारीक अळ्या सुरुवातीला त्याच पानावर राहून त्याची जाळी करतात. असं जाळीदार पान दिसलं की ते अळ्यांसकट अलगद तोडून रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. त्या एका पानाबरोबर शेकडो अळ्या जातात आणि एक फवारणी वाचते. सोयाबीनमध्ये चक्रीभुंगा देठाला किंवा फांदीला दोन गोल खाचा पाडतो आणि मधे अंडी घालतो. वरचा भाग सुकून लोंबतो. तो खाचेच्या खालून तोडून नष्ट करायचा, अळी खोडात उतरण्याआधी. आणि सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसला तर पान नाही, अख्खं झाडच उपटून वावराबाहेर गाडायचं, पांढरी माशी तो रोग पुढं नेण्याआधी.

कपाशीत पानांऐवजी डोमकळ्या तोडायला बाया लावा. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या चिकटून राहिलेलं फूल म्हणजे डोमकळी, तिच्या आत गुलाबी बोंडअळी असते. आठवड्याला एकदा वावर फिरून त्या तोडून जाळल्या तर पुढच्या पिढीला चाप बसतो. हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन रात्री आले की फवारणीची वेळ झाली. तुमची रोजी याच कामात वसूल होईल.

लाल्याबद्दलही लिहितो, कारण दसऱ्याच्या सुमारास हाच प्रश्न पुन्हा येणार, की लाल पानं काढू का. लाल पान म्हणजे झाडात नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडलं, रात्री थंड व्हायला लागल्या किंवा तुडतुड्यांनी रस ओढला. बोंडांचं ओझं जास्त आणि पुरवठा कमी, तिथं तो आधी दिसतो. लाल पान तोडून कमतरता भरत नाही. बोंडं लागायच्या वेळेलाच मॅग्नेशियम सल्फेट, 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम, फवारा आणि तुडतुडे तपासत राहा.

सोयाबीनचं थोडक्यात, कारण तिथं उत्तर सरळ आहे. 90 ते 100 दिवसांत येणारं पीक, फुलोरा 35 ते 40 दिवसांवर, आणि त्यानंतर उरलेल्या दिवसांत फुलं, शेंगा, दाणे सगळं उरकायचं. फुलोऱ्याआधी तीस टक्क्यांपर्यंत पानं अळीनं खाल्ली तरी सोयाबीन ते सहन करतं. शेंगा भरताना मात्र पंधरा-वीस टक्के पानं गेली तरी उत्पन्नात फरक दिसायला लागतो. फवारणीचे निर्णयही याच अंदाजावर घेतात. ज्या पिकात अळीनं पानं खाऊ नयेत म्हणून आपण पैसे घालतो, तिथं आपल्याच हातानं पानं काढायचं कारण काय? काही गावांत सोयाबीनचा शेंडा छाटायचं यंत्र फिरतं. फार माजलेल्या, आडव्या पडणाऱ्या सोयाबीनवर, महिन्याच्या आत, फुलं लागण्याआधी ते केलं तर फांद्या फुटतात. फुलं दिसल्यावर यंत्र वावरात नेऊ नका. उशिरा पेरलेल्या सोयाबीनवर तर अजिबात नाही. सोयाबीन रात्र मोजणारं पीक आहे, जुलै सरताना पेरलं तर रात्री लांबत असल्यामुळं झाड लहान असतानाच फुलतं, आणि त्याच्याजवळ देण्यासारखं जास्तीचं काही नसतं.

तुरीचं गणित वेगळं आहे, आणि इथं शेंडा खुडणं हे खरोखर चांगलं काम आहे. आशा म्हणजे आयसीपीएल 87119, किंवा पीकेव्ही तारा, असे पावणेदोनशे दिवसांच्या आसपास जाणारे वाण पावसाळाभर नुसते वाढतात. 40 ते 50 दिवसांनी वरचा दोन इंच शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात, आणि त्या फांद्यांना भरायला पुढं तीन-चार महिने असतात. जोर असेल तर तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा खुडता येतं. कळ्या दिसायला लागल्या की थांबायचं. पण आयसीपीएल 87 सारखा लवकर येणारा वाण असेल, ज्याची फुलं शेंड्यावरच घोसानं येतात आणि तिथंच झाडाची वाढ थांबते, तर शेंडा खुडणं म्हणजे घोसच खुडणं. तूर म्हणून सगळ्या तुरीला एक नियम लावू नका. वाण विचारा, त्याचे दिवस विचारा, फुलं कुठं येतात ते पाहा. आणि तूर खुडायची ती उघडिपीत, पानं कोरडी असताना. पावसात खुडलेल्या तुरीवर खोडाचे रोग चढतात. यंत्रानं खुडत असाल तर एका वावरातून दुसऱ्यात जाताना पातं पुसून घ्या. तूर आपल्याकडे शेंडा आणि पानं दोन्ही खुडल्यासारखी दिसते, पण काढतो तो शेंडाच, खालच्या पानांना हात लागत नाही, हे लक्षात असू द्या.

हरभऱ्याची भाजी खुडतात त्याचंही असंच. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत, फुलांआधी, बायांनी शेंडे खुडून भाजी केली, सुकवून ठेवली, तर झाडाला फांद्या फुटतात आणि घरालाही भाजी मिळते. ओल चांगली असेल तरच. कोरडवाहू हरभरा आधीच ओलीच्या मागं धावत असतो, त्याला नका खुडू.

कपाशीची सगळी पानं मुद्दाम पाडायची वेळ एकच, ती म्हणजे यंत्रानं वेचणी करायची असेल तेव्हा. साठ टक्क्यांच्या आसपास बोंडं फुटल्यावर पानगळ करणारं औषध मारतात, म्हणजे पानांचा कचरा कापसात येत नाही. तोवर बोंडांचं भरणं बहुतेक झालेलं असतं, पानांचं काम संपलेलं असतं. तुमच्याकडे हातवेचणी आहे, तुम्हाला त्याचा विचार करायची गरज नाही.

एवढं वाचूनही मन मानत नसेल, तर अख्ख्या वावराचा जुगार न खेळता तासांवर करून पाहा. एकसारख्या जमिनीवरची बारा तासं निवडा, धुऱ्याजवळची सोडून. चार तासांची फक्त मोठी पानं काढा, चार तासांचा फक्त शेंडा खुडा, चार तशीच ठेवा. प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधा. 15 सप्टेंबरला आणि 15 ऑक्टोबरला प्रत्येक गटातल्या दहा झाडांची बोंडं मोजून वहीत लिहा, आणि वेचणीला प्रत्येक गटाचा कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधून वेगळा तोला. पहिल्या वेचणीचा, दुसऱ्या वेचणीचा, आणि सोबत लागलेल्या रोजीचा हिशेब ठेवा. मग ते आकडे मला पाठवा. तोपर्यंत बाकीच्या वावराला हात लावू नका, आणि उद्या सकाळी आधी तासात साचलेलं पाणी बाहेर काढा.